राही मोठ्या घरी गेली तेव्हा

आमच्या अंगणात कात्र्यांचा आवाज भाकऱ्या थापून झाल्या की सुरू व्हायचा, तो दिवेलागणीला थांबायचा. अंगण म्हणजे काय, चार घरांच्या मधली सारवलेली मोकळी जागा. एका कडेला कडुलिंब, दुसऱ्या कडेला धुण्याचा दगड. निपाणीत तेव्हा घरटी कुणीतरी विड्या वळायचं, आणि आमच्या गल्लीत तर झाडून सगळ्या बायका. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली पानं, तंबाखूचा चुरा आणि दोरा. पत्र्याचा चौकोनी तुकडा पानावर ठेवायचा, त्याच्या कडेनं कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू घालून पान वळायचं, दोरा गुंडाळायचा आणि नखानं तोंड मुडपायचं. हे सगळं सुपाकडं न बघता व्हायचं असं लोकांना वाटतं. खोटं आहे ते. डोळे सुपातनं हलवायची सोय नव्हती. पान वाकडं कापलं गेलं की ठेकेदाराचा माणूस संध्याकाळी ती विडी बाजूला काढायचा आणि वर कानडीत दोन शब्द सुनवायचा. तंबाखूचा खकाणा नाकातोंडात जायचा. नवी सून आली की पहिला महिनाभर नुसती शिंकायची आणि बायका हसायच्या. मी आज बेळगावात टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहते, खाली कुणी विडी ओढली तरी मला कळतं, आणि आधी भीती वाटते. वासाची नव्हे. का ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलंय.

अंगणाची एक रीत होती. डोळे सुपात असले तरी कान मोकळे असतात, म्हणून एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. जी वाचेल तिचे हात थांबणार, म्हणून तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्या वळून देणार. दिवेलागणीला उठताना प्रत्येकीनं आपल्यातल्या मूठभर विड्या वाचणारीच्या सुपात टाकायच्या. वाचणारीचं सूप रिकामं ठेवायचं नाही, असा दंडकच होता. आधी माझी आक्का वाचायची. ती लग्न होऊन चिकोडीला गेली आणि काम माझ्याकडं आलं. मी तेव्हा सातवीतनं आठवीत चालले होते. आईनं साफ सांगितलं होतं, शाळा बास झाली. आमच्या घरात दोघींच्या वाटणीची पानं यायची. तेवढ्या विड्या भरल्या नाहीत तर ठेकेदार कामाचं कार्ड काढून घेणार, मग आईच्याही हाताला काम नाही. दादा, म्हणजे माझे वडील, वखारीत पोती उचलायचे, त्यांच्या एकट्याच्या हमालीवर घर चालत नव्हतं. थोरला भाऊ अण्णा मुंबईला गेलेला, दोन वर्षं झाली होती आणि त्याचं पत्र यायचं बंद झालं होतं. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. तर अंगणातल्या बायकांनीच आईला गळ घातली. पोरगी सकाळी हायस्कुलात जाऊ दे, दुपारी आम्हाला वाचून दाखवू दे, तिचं सूप आम्ही भरतो. आई म्हणाली, "भरतायसा तवर जाऊ दे." एवढ्या चार शब्दांवर माझी आठवी चालली होती.

वाचायचं काय, तर चित्रांचं पुस्तक. मोठ्या माणसांना हसू येईल, पण अंगणाला त्याचंच वेड होतं. घाटावरच्या एका छोट्या छापखान्यातनं 'डाकवाली राही' नावाचं पातळ पुस्तक दर पंधरवड्याला निघायचं. आत दोनच रंग, लाल आणि काळा, आणि लाल कधीच जागेवर बसायचा नाही. राही ही डाक पोचवणारी बाई. खांद्यावर पिशवी, हातात घुंगरू बांधलेली काठी, वाटेत वाघ, पूर, दरोडेखोर, आणि काहीही झालं तरी डाक बुडवायची नाही हा तिचा नेम. पुस्तक कोल्हापूरच्या गाडीनं यायचं, स्टँडवरच्या आप्पाच्या टपरीवर भाड्यानं मिळायचं. मी चित्र बघून सांगायची, खालची अक्षरं वाचायची. पहिल्याच आठवड्यात सरूमावशीनं मला अडवलं. सरूमावशी म्हणजे आमच्या शेजारची, तोंडानं तिखट, आतनं नारळासारखी गोड. म्हणाली, "ही बया दिसभर रानातनं पळती, हिला जेवाय कोण घालतंय गं?" मी म्हटलं, चित्रात न्हाय ते. "चित्रात नसंल. खरं, जेवत तर असंल की."

सगळ्यांचे कान माझ्याकडं लागले होते. पुस्तक तर बारा पानांत संपलेलं आणि दुपार अजून लांबलचक पडलेली. मी म्हणून टाकलं, घाटाच्या पायथ्याला खोपीत एक म्हातारी राहती, गंगू नावाची, ती घालती. अशी गंगू जन्माला आली. एका डोळ्यानं अधू, फटकळ, दारात एक शेळी. राही आली की आधी चार शिव्या, मग भाकरी आणि मिरचीचा खर्डा. बायकांना ती इतकी आवडली की राहीच्या बारा पानांनंतर गंगूचं काय झालं हे रोज विचारायला लागल्या. मी सांगत गेले. पुस्तक समोर धरायची, पानं उलटायची, जणू तिथंच छापलंय. एक दिवस मी सांगितलं की गंगूचा पोरगा मुंबईला गिरणीत गेलाय, आणि राही आली की गंगू दर खेपेला विचारती, "माझं काय आलंय का गं डाकंत?" आणि राही मान हलवती. हे मी कुठनं आणलं याचा मला तेव्हा पत्ता नव्हता, शप्पथ सांगते. तेरा वर्षांच्या पोरीला स्वतःच्या घरातलं दिसत नाही.

मग तो अंक आला. शेवटच्या पानावर चौकट होती. जुन्या संपादकांनी लिहिलं होतं की मुंबईच्या एका मोठ्या समूहानं, ज्याची वर्तमानपत्रं आहेत, मासिकं आहेत, सिनेमाचेही धंदे आहेत, त्यांचा छापखाना आणि सगळी पुस्तकं विकत घेतली आहेत. "वाचकहो, आपली राही आता मोठ्या घरी जाते आहे, तिच्यावर असाच लोभ ठेवा." मी मूर्ख. पान समोर आलं की वाचायची सवय. तेही मोठ्यानं वाचून टाकलं. तोंडातनं शेवटचा शब्द बाहेर पडला आणि मला कळलं की हे गिळायला पाहिजे होतं. आठ कात्र्या एकदम थांबल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पळत आप्पाच्या टपरीवर गेले, तर तिथं पोरांची ही गर्दी. प्रत्येकाजवळ वेगळी बातमी. एक म्हणे, मुंबईवाले राहीला पहिल्याच अंकात मारणार, म्हणजे खप वाढतो. दुसरा म्हणे, मारणार नाहीत, तिला मोटार देणार आणि इंग्रजी बोलायला लावणार. तिसऱ्याचा मामा बेळगावात छापखान्यात होता, त्यानं म्हणे सांगितलं होतं की मराठी बंदच होणार, हिंदीत निघणार, आणि सीमेच्या अलीकडं तर गठ्ठाच येणार नाही. आमच्या भागात ही भीती कुणाला शिकवावी लागत नव्हती. बंद पुकारला की कोल्हापूरची गाडी यायची नाही आणि गाडी आली नाही की काहीच यायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जैनांच्या वाड्यातल्या एका मुलानं जुने सगळे अंक पिठाच्या डब्यात लपवले होते, मुंबईचे लोक येऊन परत मागतील म्हणून. हसू येतं आता. तेव्हा कुणी हसलं नाही, उलट दोघांनी डबा केवढा आहे ते विचारलं. आप्पा एकटा शांत होता. तो म्हणाला, येईल ते विकायचं, न आलं तर चुरमुरे विकायचे. मला त्याचा इतका राग आला की काय सांगू. त्याला चुरमुरे होते. मला काय होतं? राही बंद, म्हणजे वाचणं बंद. वाचणं बंद, म्हणजे सूप कोण भरणार? मी घरी येताना बोटांवर हिशेब केला, सहामाहीपर्यंत तरी शाळा राहील का, आणि तो काही जुळला नाही.

अंगणात निराळीच भीती होती. पोरींना मोठ्या घरी दिल्यावर काय होतं हे त्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. शेवंताकाकू म्हणाली, आता हिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत न्हाईत बघ, काठी काढून घेत्यात आधी. बसव्वा कानडी मुलखातली, मराठी समजायची पण बोलताना अडायची, तिनं फक्त विचारलं, "मुदुकी? मुदुकी काय करायची?" मुदुकी म्हणजे म्हातारी. गंगूचं काय, असं तिला म्हणायचं होतं. गंगू पुस्तकात नव्हतीच, हे मला एकटीला ठाऊक. पुढं कित्येक आठवडे मला जेवण गेलं नाही. मी भाकरीचा तुकडा मोडून नुसती बसायची आणि आई म्हणायची, पोरीला दृष्ट लागलीया.

मुंबईच्या नव्या मालकाला पत्र घालायचं हे सरूमावशीनं ठरवलं. मी लगेच वही काढली. मीच लिहिणार, म्हणजे गंगूचं नाव मला गाळता येईल, एवढी अक्कल मला होती. पण मावशी म्हणाली, मुंबईला जायाचं पत्र, पोरीच्या अक्षरात नगं, बाईंकडनं लिवून घिऊ. बाई म्हणजे माझ्याच हायस्कुलातल्या मराठीच्या बाई, मोत्यासारखं अक्षर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायच्या. रविवारी दुपारी त्या आल्या, कडुलिंबाखाली पोत्यावर बसल्या, गुळाचा चहा घेतला. एकेकीनं आपलं आपलं सांगितलं. राहीला घरात बसवू नका. लग्न लावायचंच असलं तर डाक सुटू देऊ नका. तिला गोरी करू नका. बाई हसत हसत लिहीत होत्या. मग आईकडं वळल्या, तुम्हाला काय लिहायचंय? आई अंगणात कधी एका गोष्टीला बरी म्हणाली नव्हती, वाईट म्हणाली नव्हती. मला वाटायचं ती ऐकतच नाही. ती सुपातनं मान वर न काढता म्हणाली, "लिवा, गंगूला काढू नका म्हनावं. तिचं पत्र यायचं राह्यलंय."

बाईंनी विचारलं, ही गंगू कोण? त्याबरोबर सगळ्या एकदम सांगायला लागल्या, खोपी, शेळी, डोळा, पोरगा. बाईंनी सगळं उतरवलं. मधेच त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मी पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत होते. राहीचा अंक त्यांच्या घरी येत नव्हता, त्यांना कुठनं कळणार? पण मला वाटलं त्यांना कळलंय. खाली आठ अंगठे उठले, तंबाखूनं पिवळे पडलेले, आणि पाकीट चिकटवून माझ्याच हातात दिलं. शाळंला जाताना टाक म्हणाल्या.

पोस्टाच्या लाल पेटीसमोर मी किती वेळ उभी होते देव जाणे. फाडून गटारात टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पत्र गेलं की मुंबईचे लोक बघणार, जुने अंक चाळणार आणि लिहिणार, बायांनो, अशी कुणी म्हातारी नाही, तुमची पोरगी तुम्हाला फसवतीया. मग कोण कशाला माझ्यासाठी बोटं झिजवेल? शाळा सुटणार, आणि वर खोटारडी म्हणून गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. मी पाकिटाचा एक कोपरा दुमडला. आणि माझ्या डोक्यात आलं ते राहीचं तोंड. डाक बुडवायची न्हाय. हे वाक्य मीच त्या अंगणात छाती पुढं काढून शंभरदा म्हणून दाखवलं होतं. आत आईचं एक वाक्य होतं, तिनं जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी लिहून पाठवलेलं. मी कोपरा सरळ केला आणि पाकीट आत टाकलं. ते तळाला पडल्याचा आवाज झाला आणि मी ते परत काढायला फटीत बोटं घातली. मला धीट म्हणणारे लोक पुढं बरेच भेटले. त्यातल्या एकानंही मला त्या पेटीसमोर बघितलेलं नाही.

नंतरचे दिवस मी कसे काढले विचारू नका. पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की मी घरात जाऊन माठाआड उभी राहायची. आईही सायकलीची घंटा वाजली की हात थांबवायची, हे मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. मी उगाच समजले की तिलाही मुंबईच्या उत्तराचीच वाट आहे. एक पंधरवडा पुस्तक आलंच नाही. मग नवा अंक आला, गुळगुळीत, चार रंगांचा, उघडला की अत्तरासारखा वास. राहीचे केस मोकळे सोडलेले, नाक सरळ केलेलं, काठीचं घुंगरू गेलेलं. टपरीवर एक मुलगा तो अंक बघून खरंच रडला. मी अंगणात तो वाचला तेव्हा चित्र जुन्या राहीचं सांगितलं, तोंडानं घुंगरूसुद्धा वाजवलं. गंगूबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. बायकांनी विचारलं, मी म्हटलं, या अंकात न्हाय. आईची कात्री क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

उत्तर आलं ते हायस्कुलात, बाईंनी पत्रात तोच पत्ता घातला होता. दुपारीच बाई ते घेऊन अंगणात आल्या, मला पळून जायलाही वेळ मिळाला नाही. जाड पांढरं पाकीट, वर छापलेलं चिन्ह. सगळ्यांनी हात पदराला पुसले. बाईंनी वाचलं. पत्र पोचलं, आभारी आहोत, राहीचे नवे अंक आपणास आवडतील अशी आशा आहे. मग बाई अडखळल्या. मी धुण्याच्या दगडाला धरून उभी होते. त्यांनी आवाज लहान करून पुढचं वाचलं: "आपण ज्या गंगू या पात्राविषयी काळजी व्यक्त केली आहे, ते पात्र आमच्याकडे आलेल्या जुन्या एकाही अंकात आढळले नाही. आपला काही गैरसमज झाला असावा. कळावे."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. खोटं बोलायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, व्हय, मीच सांगितली ती, पुस्तकात नव्हती कधीच. शेवंताकाकू उठली. म्हणाली, इतकं दिस हिचं सूप भरलं आम्ही, पुस्तक वाचती म्हणून, आणि ही आपल्या मनचं फेकत हुती व्हय? तिनं आपलं सूप उचललं आणि घरात गेली. पुढं कितीतरी महिने तिनं माझ्या सुपात विडी टाकली नाही, आणि तिचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. बसव्वा काय झालं ते शेजारणीला विचारत होती. मी आईकडं बघितलं. तिनं आता एक शब्द बोलायचा अवकाश, की उद्यापासून माझ्या मांडीवर सूप.

आईनं कात्री खाली ठेवली. "बाई, परत वाचा ते," ती म्हणाली. "काय न्हाय म्हनत्यात त्यांच्याकडं?"

बाईंनी ती ओळ परत वाचली.

"म्हंजी त्यांनी जे इकत घेतलं, त्यात गंगू न्हाय."

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग बरं झालं की," आई म्हणाली. "आपल्याकडंच हाय म्हंजी ती."

सरूमावशीनं मोठा श्वास सोडला. कुणीतरी पदर तोंडाला लावून हसलं. आईनं पुढं वाकून माझं रिकामं सूप ओढलं, त्यात आपल्या दोन मुठी विड्या टाकल्या आणि ते माझ्या बसायच्या जागेसमोर ठेवलं. मी जाऊन बसले. मांडीवर ठेवायला पुस्तक नव्हतं, हात कुठं ठेवायचे तेच कळेना. शेवटी मी ते परकराखाली घेतले. आई माझ्याकडं बघत होती. सुपाकडं नाही, सरळ माझ्याकडं.

"सांग की," ती म्हणाली. "गंगूच्या पोराचं पत्र आलं का न्हाय?"

तेव्हा कुठं मला कळलं की मी इतके दिवस कुणाची गोष्ट कुणाला सांगत होते. आलं म्हणायची छाती झाली नाही. न्हाय म्हणायची त्याहून नाही.

"वाटंत हाय," मी म्हणाले. "राहीच्या पिशवीत हाय. घाट तेवढा चढायचा राह्यलाय तिचा."

आईनं मान हलवली, एक पान उचललं आणि त्यावर पत्रा ठेवला.